रात्रीच्या निळ्याबद्दल

सिनेमे मी फारसे पाहत नाही, खरं सांगते.
पण सिनेमा करणाऱ्या कुणाची मुलाखत असली
की चक्कीचा पट्टा चढवते, वायर कानात घालते
आणि मग कुणाच्या ज्वारीत कुणाचे गहू
याला मी जबाबदार नाही.

अनुसयाकाकू ओरडते, "अवो पोरी, बारीक काढ ना!"
मी तेव्हा असते दूर कुठल्या बंद खोलीत,
पावलांचे आवाज करणाऱ्या बाईपाशी.
पडद्यावर नटी वाळूतून जाते
आणि ही बाई मिठाच्या पिशवीवर मुठी दाबते.
"जाडं मीठ हवं," ती म्हणाली, "बारकं बोलत नाही."
त्या रात्री मी घरातलं मीठ दाबून पाहिलं.
वाजलं.
वरणात मात्र दोनदा पडलं.

एक शिंपी म्हणाला होता,
खलनायकाचं दुसरं बटण मी सैल ठेवतो,
दिसत नाही कुणाला,
पण बोलता बोलता त्याचं बोट तिथंच जातं.
हे मी दळण घेऊन आलेल्या किती जणांना सांगितलं!
कुणी स्वतःचं बटण पाहिलं,
कुणी वजनाचा काटा.

भाऊ मनते, आंबा राहू देतेस
अन् कोयीसंग गोठी करत बसतेस.
असेल.
मला उत्तराहूनही आवडतो तो "अं..."
प्रश्न पोचल्यावरचा, उत्तर निघायच्या आधीचा.
खुर्ची करकरते, कुणीतरी पाण्याचा ग्लास ठेवतं,
आणि जन्मभर एकच काम केलेला माणूस
आपल्या हातांकडे
शेजाऱ्याच्या हातांसारखा बघत असतो.
(मला दिसत नाही. पण बघतच असणार.)

धान घरात आलं, मंडई भरली,
वडशाहून नाटक आलं ट्रकमधून.
सारा गाव नटी उतरताना बघायला.
मी हिशोबाच्या वहीत मागच्या पानावर नऊ प्रश्न लिहून
मुखरू निकुऱ्यांकडे, जे पडदे रंगवतात:
जंगल, राजवाडा, गरिबाचं घर, रात्र.
ते रात्रीचा फाटका कोपरा शिवत बसले होते.
फोन मांडीवर ठेवला, लाल ठिपका लावला.
आवाज माझाच चिरकला:
"रात्र तुमी निळी काऊन करता जी?"

"अं," मुखरूजी म्हणाले.
अगदी तोच!
मी तिथंच निम्मी भरून पावले.
मग सुई दातात धरून ते बोलले,
"पयल्यांदा कारीच केली होती.
लाइट पडला तं पडद्याले भोक पडल्यावानी दिसे.
लोकं नटाले सोडून भोकात पाहेत."

दुसरा प्रश्न वाचायला मी वही उजेडाकडे नेली,
तर म्हणाले, "थांब.
तू काऊन इचारतेस हे सारं?
चक्कीवाली ना तू?"

आता ते रेकॉर्डिंग मी चक्कीतच ऐकते, पट्टा उतरवून.
चौदा सेकंद काही नाही.
जनरेटर. कुत्रं.
माइकवाला तीनदा हॅलो म्हणतो, कुणी ओ देत नाही.
मग एक आवाज, जो मला ओळखू येत नाही:
"पीठ गरम असते ना जी, पडते तवा.
मी त्यात हात घालून पायतो.
जाडं का बारीक, बोटालेच समजते.
मनजे, मले कोनी इचारलं नाई अजून."
"मंग?" मुखरूजींचा आवाज. "कसं समजते?"
"अं," मी म्हणते.

पुढं तिसरी घंटा आहे
आणि ते रात्र खांद्यावर टाकून उठल्याचा आवाज.
आठ प्रश्न वहीत तसेच आहेत.
पान उलटलं की अनुसयाकाकूचे साडेचार किलो,
पैसे बाकी.